जुनी जीप आणि नवशिका कारागीर

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात मी पास्कलचा नियम शिकवीत होतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे वाक्य फळ्यावर लिहून होते न होते तोच मागील बाकावरून एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, "सर, माझ्या मामांनी जुनी जीप घेतली आहे. ती आम्ही घरीच उंच करून तिला मोठी चाके लावणार आहोत. हे काम आमच्याने होईल का?" वर्गात हशा पिकला. या प्रश्नाचा पास्कलशी काही संबंध असेल असे कोणालाच वाटले नसावे. वस्तुतः तो संबंध फार जवळचा होता, आणि तो मला स्वतःला एकदा चांगलाच धडा मिळून कळलेला होता. त्या दिवशी तास संपला आणि उत्तर राहून गेले. वार्षिक अंकाच्या निमित्ताने ते येथे सविस्तर द्यावे, आणि विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या घरच्या मंडळींनीही ते वाचावे, असा विचार करून हे चार शब्द लिहीत आहे.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. घरच्या अंगणात जुनी जीप उघडून बसणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे असे मला मुळीच वाटत नाही. उलट, पुष्कळ पुस्तकांतून जे उमगत नाही ते अशा एका गाडीपासून शिकता येते. परंतु या विद्येला एक क्रम आहे. गाडी मुळात जशी होती तशी निरोगी करणे ही पहिली पायरी, आणि तिच्यात आपल्या मनासारखा बदल करणे ही शेवटची. आपले बहुतेक तरुण शेवटच्या पायरीपासून आरंभ करतात. माझा आक्षेप एवढाच आहे. पण तो लहान नाही, कारण त्यात दुसऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

जीप हे वाहन नवशिक्याला इतके मोहात का पाडते, हे समजण्यासाठी तिचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, अमेरिकन सैन्याला हलके, काटक आणि चारही चाकांना इंजिनाची गती देणारे वाहन हवे होते. पहिला नमुना तयार करण्यासाठी अवघी ४९ दिवसांची मुदत होती, आणि बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने तो सप्टेंबर १९४० मध्ये मुदतीत हजर केला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. आपल्या देशात १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर विलिसच्या जीपगाड्या मुंबईत जोडण्याचे काम हाती घेतले. त्याच वंशातील गाड्या पुढे कित्येक दशके आपल्या खेड्यापाड्यांतून धावल्या. जंगलखात्याचे अधिकारी, पाटबंधाऱ्याचे अभियंते, निवडणुकीचे उमेदवार आणि लग्नाचे वऱ्हाड, सर्वांचे ओझे या गाडीने वाहिले.

रणभूमीवर मोडलेली गाडी साध्या सैनिकाला मोजक्या पान्यांनी दुरुस्त करता यावी, या हेतूने तिची रचना झाली होती. म्हणून तिच्यात काही लपलेले नाही. बॉनेट उघडले की इंजिनाचा प्रत्येक भाग दिसतो. खाली वाकले की गिअरपेटीतून निघून पुढच्या आणि मागच्या आसाकडे जाणारे दोन दांडे दिसतात. आजच्या नव्या मोटारीत पुष्कळ गोष्टी संगणक सांभाळतो, त्यामुळे तिच्यापुढे नवशिका हात जोडून उभा राहतो. जुनी जीप मात्र त्याला हात घालू देते. तिचे गुरुत्व यातच आहे, आणि तिचा धोकाही यातच आहे.

आता माझी हकीकत सांगतो. चार वर्षांपूर्वी नवापूरकडील एका शेतकऱ्याकडून मी १९७६ सालची एक जीप विकत घेतली. ज्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, ते हे नवापूर. आपल्या शाळेतील कितीतरी कुटुंबांचे सुट्टीला गावी जाण्याचे ते ओळखीचे ठाणे. गाडी राज्याची सीमा ओलांडून आणावयाची म्हणून तेथील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, सुरतेत नव्याने नोंदणी आणि गाडी पंधरा वर्षांहून जुनी असल्यामुळे पुन्हा योग्यता तपासणी, असे सर्व सोपस्कार केले. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कागदांशी ताडून पाहिला. येथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो.

यानंतर मात्र हौसेने माझा ताबा घेतला. गाडी सुमारे २८ इंच व्यासाच्या चाकांवर उभी होती. मला ती बुटकी वाटली. मी स्प्रिंगांच्या पाट्यांखाली ठोकळे घालून तिला उंच केले, आणि ३१ इंचांची जाड नक्षीची चाके बसविली. त्यावर जवळजवळ चाळीस हजार रुपये खर्च झाले. पुढे लोखंडी नळ्यांचे कुंपण ठोकले, त्यावर दोन मोठे दिवे बसविले. शेजारची मुले भोवती जमली, छायाचित्रे काढली गेली, आणि आपण मोठे कारागीर झालो असे मला वाटू लागले.

दुसऱ्याच आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास, उधन्याच्या एका रस्त्याने मी ती जीप घेऊन निघालो होतो. रात्रपाळी सुटल्यामुळे मागकामगारांची रस्त्यावर दाटी होती. वळणावर ब्रेक दाबला, आणि पाय थेट तळाला गेला. गाडी थांबेना. घाबरून मी हातब्रेक ओढला, गिअर खाली आणला, आणि एका बांधकामाजवळच्या वाळूच्या ढिगात गाडी घातली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. परंतु गाडी जेथे थांबली तेथून दोन हातांवर एक गृहस्थ जेवणाचा रिकामा डबा घेऊन उभे होते. ते मला काहीच बोलले नाहीत. नुसते पाहत राहिले, आणि मग आपल्या वाटेने निघून गेले. त्यांची ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

ज्या मिस्त्रींना मी गाडी दाखविली त्यांनी मागचे चाक काढले, ड्रम उतरविला आणि आतला एक लहानसा रबरी वायसर माझ्या हातावर ठेवला. तो कडक होऊन चिरला होता, आणि तेथून ब्रेकचे सारे तेल वाहून गेले होते. मिस्त्री म्हणाले, "सर, गाडी सजवायला एवढे पैसे घातलेत, ती थांबवायला किती घातलेत?" मी काय उत्तर देणार? चारही चाकांचे ब्रेकचे रबर नवे घालण्यास हजार रुपयेही लागले नसते.

विद्यार्थी मित्रहो, पास्कलचा संबंध येथे येतो. आपण पायाने दाबतो ते एका दट्ट्यावर. तो दाब नळीतल्या तेलातून चारही चाकांपर्यंत सारखा पोहोचतो आणि ब्रेकच्या पट्ट्या ड्रमवर आवळल्या जातात. परंतु हा नियम 'बंदिस्त' द्रवाचा आहे. कोठे एक छिद्र पडले की द्रव बंदिस्त राहत नाही आणि दाबही उरत नाही. नव्या मोटारींत ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसरा काही चाके धरून ठेवतो. माझ्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच मार्ग होता, म्हणून एका चाकातला वायसर गेला आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. हातब्रेक मात्र तेलावर चालत नाही. तो तारेने ओढला जाऊन मागच्या दांड्यालाच पकडतो. म्हणून त्या सकाळी तो कामी आला. 'बंदिस्त' हा शब्द परीक्षेत वगळला तर अर्धा गुण जातो. रस्त्यावर तो वगळला तर काय जाते, हे मी पाहून आलो आहे.

मोठ्या चाकांची गोष्टही अशीच आहे. २८ इंचांच्या जागी ३१ इंचांचे चाक आले की प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे ११ टक्के अधिक अंतर कापते. वेगमापक मात्र फेरेच मोजत असल्यामुळे त्याला हे कळत नाही. तो ५० दाखवितो तेव्हा गाडी ताशी ५५ किलोमीटरहून जास्त वेगाने जात असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र तुम्ही पाठ केलेच आहे. म्हणजे जी ऊर्जा ब्रेकला जिरवावयाची ती सुमारे २३ टक्क्यांनी वाढली. आता दुसरी बाजू पाहा. ब्रेकचा ड्रम जुन्याच मापाचा, पण चाकाची त्रिज्या वाढली. तरफेच्या नियमाप्रमाणे तोच ब्रेक आता रस्त्यावर सुमारे दहा टक्के कमी जोर लावू शकतो. गाडी अधिक वेगवान, ब्रेक अधिक दुबळा, आणि चालकाला दोन्हींची वार्ता नाही! त्यातच गाडी उंच केल्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती कलंडण्याचे भय वाढते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १०० वॉटचे दोन दिवे लावले तर सुमारे १७ अँपिअर विद्युत्प्रवाह वाहू लागतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या बारीक तारेतून तो नेला आणि वाटेत फ्यूज घातला नाही, तर तार तापून आग लागण्यास वेळ लागत नाही.

तेव्हा नवशिक्याने कोठून आरंभ करावा? माझ्या मते प्रथम थांबणे, मग वळणे, मग चालणे, आणि मग शोभा. पहिल्याने ब्रेकचे रबर, नळ्या, पट्ट्या आणि तेल. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषून घेते, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावेच लागते. त्यानंतर सुकाणूचे सांधे, चाकांच्या बेअरिंगा आणि पाटे. मग सांगाड्याचा गंज. रंगाखाली दडलेला गंज लहान हातोडीने ठोकून पाहिला की आवाजावरून कळतो. मग तारा, मग इंजिन आणि गिअरपेटीचे वंगण. हे सर्व झाल्यावर गाडी काही महिने नुसती चालवून पाहावी, आणि प्रत्येक आवाज वहीत टिपावा. एवढे केले म्हणजे आपल्याला वाटणारे निम्मे बदल अनावश्यक आहेत असे पुष्कळदा आढळून येते. मी स्वतः ती मोठी चाके आणि ठोकळे काढून टाकले आणि मूळ मापाची चाके पुन्हा बसविली.

काम करताना पाळावयाचे दोन नियम मी येथे आग्रहाने सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात, आणि काढलेले चाकही खाली सरकवून ठेवावे. जॅक घसरला तर दुसरी संधी मिळत नाही. आणि तारांना किंवा इंधनाच्या नळीला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी. विद्यार्थ्यांनी तर वडीलधाऱ्या माणसाशिवाय हे काम करूच नये.

आता कायद्याविषयी. "गाडी माझी, पैसे माझे, मग सरकारला काय करावयाचे?" असे पुष्कळ तरुण विचारतात. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या नोंदणीतील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलापासून भिन्न होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. पुढच्या लोखंडी कुंपणांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र सरकारने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळविले होते, कारण धडक बसली असता पादचाऱ्याला त्यांच्यापासून अधिक इजा होते. हे वाचल्यावर मी माझे कुंपण काढून भंगारात दिले. कायदा हौसेचा वैरी आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की, डबा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे कोणीतरी लिहून ठेवले आहे, आणि त्यालाच आपण कायदा म्हणतो. पालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटार दिली आणि गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

सांगली जिल्ह्यातील एका कारागिराची गोष्ट या संदर्भात मननीय आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील वस्तूंपासून सुमारे साठ हजार रुपयांत एक छोटी जीपसारखी गाडी घरीच बनविली. ती दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कारागिराचे मनापासून कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही आणि अधिकारी तिला आज ना उद्या अडवतील, हेही त्यांनी सांगितले. त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली, आणि ती घरगुती गाडी कंपनीच्या संग्रहात गेली. मला या प्रसंगात दोन्ही बाजूंचा मान राखलेला दिसतो. कारागिराच्या बुद्धीला तिचे स्थान मिळाले आणि रस्त्यालाही त्याचा नियम मिळाला. कसब आणि नियम यांत वैर असलेच पाहिजे असे नाही.

याच्या उलट चित्रही आपल्या शहरात पाहावयास मिळाले. जुलै २०२५ मध्ये डुमसच्या किनाऱ्यावर एक महागडी मोटार चिखलात रुतून बसली, तिची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. त्या किनाऱ्यावर वाहने नेण्यास मनाई आहे, तरीही हे घडले. गाडी कितीही बलवान असली तरी ती चालविणाऱ्याला शहाणपण देऊ शकत नाही. आणि आडवाट म्हणजे मोकाट वाट नव्हे. डांगच्या जंगलात किंवा समुद्रकाठी चाकांनी केलेले ओरखडे आपण घरी परतल्यावरही तेथेच राहतात.

शेवटी एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या आपल्या कित्येक पालकांनी खानदेशातून येऊन मागावर उभे राहून आयुष्य काढले आहे. "आमचे हात काळे झाले ते पुरे, मुलाचे होऊ नयेत," असे ते मला सांगतात, तेव्हा त्यांच्या भावनेपुढे मी नम्र होतो. तरीही एक गोष्ट विनयाने सांगावीशी वाटते. त्यांच्यातल्या अनेकांना मागाच्या नुसत्या आवाजावरून कोठे बिघाड झाला ते कळते. ही विद्याच आहे. तिला प्रमाणपत्र मिळाले नाही, एवढेच. याच सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस गेले आणि त्यांच्या घराण्याने जगप्रसिद्ध जहाजे बांधली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. हाताने केलेल्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला. या सर्वांच्या दृष्टीने काळे झालेले हात हा कमीपणा नव्हता. हात काळे होऊनही डोके बंद राहिले तर तो कमीपणा खरा.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे आहे. हे काम तुमच्याने होईल. पण तू विचारलेस ते काम शेवटचे आहे, पहिले नाही. येत्या रविवारी मामांना आणि वहीला बरोबर घेऊन माझ्याकडे ये. वडिलांनाही आण; मागाचे कान जीपच्या इंजिनाला उपयोगी पडतील. आपण प्रथम घोड्या लावू, चाक काढू, ड्रम उतरवू आणि तो लहानसा रबरी वायसर पाहू. तो चांगला असेल तर पुसून पुन्हा बसवू, चिरलेला असेल तर नवा घालू. पास्कलचा नियम त्या दिवशी तुला कायमचा समजेल. मोठ्या चाकांविषयी मग बोलू. त्या वेळेपर्यंत ती तुला हवीशी वाटली तर मला आश्चर्य वाटेल, आणि हवीशी वाटली नाहीत तर तू कारागीर होऊ लागलास असे मी समजेन.